पेत्रुश्का १९११ की पेत्रुश्का १९४७?

रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेच्या संगीताचं एखादं ध्वनिमुद्रण चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: यात वाजवलंय कोणतं पेत्रुश्का? या नावाच्या दोन स्वरलिपी आहेत, एक १९११ ची आणि दुसरी १९४७ ची. कथा तीच, चार प्रवेश तेच, धुना त्याच, लांबीही साधारण पस्तीस मिनिटांचीच. कव्हरवर पुष्कळदा नुसतं नाव छापलेलं असतं आणि मोबाइलवर ऐकताना तर वर्ष शोधूनही सापडत नाही. मग आपण एका रेकॉर्डला ‘स्वच्छ’ म्हणतो, दुसरीला ‘गिचमिड’ म्हणतो. एक ‘कोरडी’ वाटते, दुसरी ‘रसरशीत’. यातली बरीचशी विशेषणं खरं तर स्वरलिपीला लागू पडतात, पण ती कंडक्टरच्या किंवा ध्वनिमुद्रकाच्या नावावर मांडली जातात. एखाद्याला न केलेल्या कामाची शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला न केलेल्या चुकीचा बोल लागतो.

पहिली स्वरलिपी पॅरिससाठी लिहिली गेली. १३ जून १९११ ला शातले थिएटरात द्यागिलेवच्या ‘बॅले रूस’ या नृत्यसंस्थेने हा बॅले रंगमंचावर आणला. नृत्यरचना फोकिनची, नेपथ्य आणि वेशभूषा बेन्वाची, पेत्रुश्काच्या भूमिकेत निजिन्स्की, बॅलेरिना कार्साविना, आणि वाद्यवृंदासमोर पिएर माँतो. स्ट्राविन्स्की चार दिवसांनी एकोणतीस वर्षांचा होणार होता. १८३० च्या दशकातलं पीटर्सबर्ग, अ‍ॅडमिरल्टीच्या चौकातली मासलेनित्सा या रशियन सणाची जत्रा, जादूगाराच्या खोपटातल्या तीन बाहुल्या: पेत्रुश्का, बॅलेरिना आणि मूर. पेत्रुश्काचा बॅलेरिनावर जीव, बॅलेरिनाची नजर मूरवर, आणि शेवटी मूरच्या तलवारीने पेत्रुश्काचा अंत. मुळात हे सगळं पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या एका मैफली रचनेतून सुरू झालं होतं. द्यागिलेवने ती ऐकली आणि तिचा बॅले करायला स्ट्राविन्स्कीला राजी केलं. पियानोचं हे मूळ पुढे महत्त्वाचं ठरतं.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा स्ट्राविन्स्की अमेरिकेचा नागरिक झाला होता. १९११ च्या स्वरलिपीला अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. पेत्रुश्का जगभर वाजत होतं आणि त्यातून त्याच्या हाती फारसं काही पडत नव्हतं. नवी आवृत्ती काढली की नवा हक्क मिळणार, हा व्यवहार त्यामागे होताच. पण तेवढंच कारण मानणं मला पटत नाही. मधल्या पस्तीस वर्षांत त्याचं वाद्यवृंदाबद्दलचं मतच बदललं होतं. कमी वाद्यं, सुट्या रेषा, कडक कडा हे त्याला आवडू लागलं होतं. १९४७ ची आवृत्ती म्हणजे साठीच्या पुढच्या माणसाने आपल्या तरुणपणाच्या कामावरून फिरवलेला हात आहे, आणि तो हात पानापानावर जाणवतो.

कागदावरचा फरक आधी पाहू. १९११ मध्ये फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून प्रत्येकी चार, दोन ट्रम्पेट आणि शिवाय दोन कॉर्नेट, हार्प दोन. १९४७ मध्ये ही फुंकवाद्यं प्रत्येकी तीनवर आली, कॉर्नेट गेले, ट्रम्पेट तीन झाले, हार्प एकच उरली. पियानोचं काम मात्र वाढलं. पहिल्या प्रवेशातली काही अवघड लयीची वळणंही स्ट्राविन्स्कीने नव्याने, वाजवायला सोपी पडतील अशी लिहिली. हे आकडे वाचून १९४७ म्हणजे ‘छोटं पेत्रुश्का’ असं वाटेल, पण कानाला ते लहान लागत नाही. ते कोरलेलं लागतं. एकच बंदिश सारंगीच्या साथीने आणि मग संवादिनीच्या साथीने ऐकल्यावर जसा फरक जाणवतो, तशा जातीचा हा फरक आहे: चीज बदलत नाही, तिच्याभोवतीची हवा बदलते.

आता कानाने ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी जागा तिसऱ्या प्रवेशात आहे. मूरच्या खोलीत बॅलेरिना येते ती एका चटपटीत लष्करी धूनवर. खाली फक्त साइड ड्रमची टरटर, वर एकटं पितळी वाद्य. १९११ मध्ये हे वाद्य कॉर्नेट आहे, १९४७ मध्ये ट्रम्पेट. ट्रम्पेटची नळी बराच भाग सरळ एकाच जाडीची, म्हणून तिचा आवाज टोकदार, चकचकीत, समोरून येऊन लागणारा. कॉर्नेटची नळी हळूहळू रुंदावत जाते, म्हणून तिचा स्वर गोल आणि थोडा मऊ, बागेतल्या बँडच्या स्टँडवरून यावा तसा. कॉर्नेटवर बॅलेरिना गोड आणि पोकळ वाटते, चावी दिलेल्या खेळण्यासारखी नाचते. ट्रम्पेटवर ती नखरेल आणि थंड होते. मला कॉर्नेटवरची बॅलेरिना जास्त पटते, कारण तिच्या गोडव्याच्या मागे कोणी नाही हे त्या स्वरातच ऐकू येतं. एक सावधगिरी मात्र हवी: काही वाद्यवृंद १९११ वाजवतानाही कॉर्नेटची ओळ ट्रम्पेटवर घेतात. त्यामुळे या एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

दुसरी खूण पियानोची. दोन्ही आवृत्त्यांत पहिल्या प्रवेशाच्या अखेरचं ‘रशियन नृत्य’ आणि दुसरा प्रवेश पियानोने गच्च भरलेले आहेत. फरक त्यानंतर कळतो. १९११ मध्ये पियानो दुसऱ्या प्रवेशातल्या पेत्रुश्काच्या कोठडीतून बाहेर पडल्यावर जवळजवळ मागे सरतो. ते वाद्य जणू पेत्रुश्काचंच आहे, आणि तो दिसत नाही तेव्हा तेही गप्प. १९४७ मध्ये पियानो पुढच्या प्रवेशांतही हजर असतो आणि वाद्यवृंदाच्या ठोक्यांना धार लावतो. चौथ्या प्रवेशात जत्रा रंगात आली असताना मधूनच पियानोची ठणठणीत किनार ऐकू आली, तर ती बहुधा १९४७ ची आवृत्ती.

ध्वनिमुद्रकाचं काम तपासायचं ते इथेच. पियानोला स्वतंत्र माइक लावून तो पुढे ओढण्याचा मोह फार मोठा असतो. थोडा पुढे असायला हरकत नाही. रचनेचा जन्मच पियानोतून झाला आहे. पण दुसऱ्या प्रवेशात तो कॉन्चेर्टोतल्यासारखा स्पीकरच्या पुढ्यात येऊन बसला आणि पहिल्या प्रवेशाच्या अखेरीस मात्र मागच्या भिंतीपाशी होता, तर ती चूक वादकाची नाही, कंडक्टरची नाही आणि स्वरलिपीचीही नाही. ती मिक्सिंग टेबलावर झालेली आहे. मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकलेल्यांना हे लगेच उमगेल: मंचावर वाद्यं आपली जागा सोडून श्रोत्याकडे चालत येत नाहीत.

चौथ्या प्रवेशाची सुरुवात ही माझ्या मते दोन आवृत्त्यांची खरी कसोटी आहे. संध्याकाळ उतरते आहे, जत्रा फुलली आहे, आणि वाद्यवृंद थरथरतो आहे. नुसता ताल किंवा नुसती धून नाही, तर सगळं पटांगणच हलल्याचा भास. १९११ मध्ये हा थर जाड आहे: फुंकवाद्यांच्या चौकड्या, दोन हार्प, तंतुवाद्यांची सळसळ, एकावर एक. त्यातून कोणतीही एक रेष वेगळी काढून दाखवणं कठीण, आणि ते तसंच अभिप्रेत आहे. गर्दीत उभं राहिल्यावर एकेक माणूस मोजता येत नाही. ज्या समीक्षेत १९११ च्या मुद्रणाला ‘तपशील बुडाले’ असं म्हटलेलं असतं, तिथे मी आधी पाहतो की तक्रार या जागेबद्दल आहे का. असेल तर ती तक्रार थेट स्ट्राविन्स्कीकडे न्यावी लागेल. १९४७ मध्ये त्याने स्वतःच हा थर विरळ केला. आता आतल्या रेषा कळतात, लयीचं यंत्र कसं चालतं ते कळतं, पण थंडीतली ती धूसर चमक थोडी उतरते.

याच प्रवेशात पुढे दायांचं नृत्य येतं, ‘पीटर्सकाया रस्त्याने’ या रशियन लोकगीताच्या चालीवर. आणि त्यानंतर शेतकरी आपलं अस्वल घेऊन येतो. क्लॅरिनेट कर्कश उंचीवर शेतकऱ्याची पिपाणी वाजवतात आणि ट्यूबा आपल्या नेहमीच्या तळातून वर येऊन अस्वलाची धून म्हणतो. ट्यूबावादकाची ही परीक्षा दोन्ही आवृत्त्यांत आहे, त्यामुळे दोन मुद्रणांची थेट तुलना इथे निःशंक करता येते. सूर वरच्या टप्प्यात चिमटला जातो का? अस्वल अवजड राहतं की नुसतंच गमतीदार होतं? ते आलं की रस्ता मोकळा व्हायला हवा, बाकी वाद्यवृंदाने खरोखर मागे हटायला हवं.

दुसऱ्या प्रवेशातली दोन क्लॅरिनेटंही अशीच निःपक्षपाती जागा. एक सी मेजरचे स्वर घेतं, दुसरं त्याच क्षणी एफ शार्प मेजरचे. दोन सूर एकमेकांना खेटून, एकमेकांना नाकारत. पेत्रुश्काची ओळख म्हणून हे स्वरगुच्छ प्रसिद्धच आहे. इथे दोन्ही वाद्यं सारख्याच वजनाने ऐकू यायला हवीत. एकाने दुसऱ्यावर मात केली, किंवा दोन्ही मिळून एक गोलमटोल गोडसा आवाज झाला, तर पेत्रुश्काचं दुःखच गेलं.

प्रवेशांच्या मधला ढोलांचा कडकडाट घेतला तर उलट सावध राहायला हवं. १९११ च्या स्वरलिपीत तो वाजवावाच लागतो. १९४७ मध्ये तो ऐच्छिक आहे. म्हणून एखाद्या मुद्रणात प्रवेशांच्या मध्ये नुसती शांतता असेल, तर कंडक्टरने काही गाळलं असं लगेच म्हणू नका. शेवटाचंही असंच. १९४७ मध्ये मैफलीसाठी एक पर्यायी दणदणीत शेवट दिला आहे. तो घेतला की टाळ्यांची सोय होते आणि मूळ शेवटात दिसणारं पेत्रुश्काचं भूत मावळतं. ध्वनिमुद्रणात टाळ्या नसतातच. तिथे हा शेवट निवडणाऱ्याबद्दल माझं मत चांगलं होत नाही. पेत्रुश्का पडतो त्या क्षणी स्वरलिपी डफ जमिनीवर टाकायला सांगते. तो एक कोरडा, बेसूर, निर्जीव आवाज ज्या मुद्रणात स्पष्ट ऐकू येतो, त्याच्या ध्वनिमुद्रकाला पात्रांची समज आहे असं मी मानतो.

आता प्रत्यक्ष मुद्रणांकडे. १९११ साठी माँतो आणि बोस्टन सिम्फनी यांचं १९५९ चं मुद्रण मी अजूनही सगळ्यात आधी सुचवतो. पहिल्या प्रयोगाला वाद्यवृंदासमोर उभा असलेला माणूस, अठ्ठेचाळीस वर्षांनी, स्टिरिओत. भावनेपोटी ते वर ठेवलेलं नाही. माँतो पहिली आणि दुसरी व्हायोलिन डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर बसवत असे, आणि जत्रेच्या संगीतात ही देवाणघेवाण दोन स्पीकरच्या मध्ये सरळ दिसू लागते. आन्सेर्मेने जिनिव्हात डेक्कासाठी १९११ चीच आवृत्ती मुद्रित केली. तिथले वादक बोस्टनइतके चोख नाहीत, पण सभागृहाचा श्वास आणि वाद्यांचे रंग ऐकण्यासारखे आहेत. बुलेझने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह १९७१ मध्ये १९११ चीच स्वरलिपी घेतली आणि ती इतकी निवळ करून वाजवली, की नुसतं ऐकून कोणी १९४७ म्हणेल. स्वच्छता ही फक्त १९४७ ची मिरासदारी नाही याचा तो पुरावा, आणि म्हणूनच तिथलं श्रेय पूर्णपणे कंडक्टरला द्यायला हवं. अब्बादो आणि लंडन सिम्फनी यांचं १९८० च्या सुमाराचं मुद्रणही १९११ चंच: धार आणि ऊब दोन्ही.

१९४७ साठी स्ट्राविन्स्कीने कोलंबिया सिम्फनीसह १९६० मध्ये स्वतः केलेलं मुद्रण ऐकायलाच हवं. ते कोरडं आहे, कडक आहे, भावुकतेला जागा देत नाही. यातलं किती स्वरलिपीचं, किती त्याच्या हाताचं आणि किती जवळ लावलेल्या माइकांचं, हे वेगळं काढता आलं तर ऐकण्यात मोठी भर पडते. पण ‘रचनाकाराने स्वतः हेच वाजवलं, म्हणजे १९११ रद्द’ हा युक्तिवाद मी मान्य करत नाही. त्याने स्वतः १९२८ मध्ये लंडनला पेत्रुश्कातले भाग मुद्रित केले होते, आणि तेव्हा १९४७ ची आवृत्ती अस्तित्वातच नव्हती. दोन्ही स्वरलिपी त्याच्याच, दोन्ही पूर्ण.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या दोन्ही वाद्यवृंदांसह पेत्रुश्का मुद्रित केलं आहे. कव्हर न पाहता, तिसरा प्रवेश आणि चौथ्याची सुरुवात ऐकून आवृत्ती ओळखायचा सराव त्यांवर करण्यासारखा आहे. यादी शोधताना ‘पेत्रुश्कातले तीन भाग’ असं काही दिसलं तर ते बाजूला ठेवा. ती १९२१ मध्ये पियानोवादक रुबिनस्टाइनसाठी केलेली, एकट्या पियानोची रचना आहे, आणि तिचे निकष वेगळे.