मिथेनॉलभक्षी जिवाणूंची जनुकीय विविधता: समुद्र आणि लोणार

मिथेनॉल हे एकच कार्बन अणू असलेले सर्वांत साधे अल्कोहॉल. समुद्रातील वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतीसदृश जीव) ते तयार करतात, आणि त्याच पाण्यातले काही जिवाणू त्यावर जगतात. त्यांतील मेथिलोफॅगा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) १९८५ मध्ये सागरी नमुन्यांवरून नोंदवली गेली. तिची एक जाती मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात मिळाली. २०१२ मध्ये तिचे मेथिलोफॅगा लोणारेन्सिस असे नामकरण झाले.

लोणारचे विवर उल्कापाताने बसाल्ट खडकात पडले. व्यास सुमारे १.८ किमी. वरच्या झऱ्याची धार गोड्या पाण्याची, तर खाली कमळजा देवीच्या देवळापुढचे पाणी खारट आणि सोड्याने अल्कधर्मी. त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास, समुद्राचा ८ च्या थोडा वर. लोणारेन्सिस सामू ९ ते १० आणि ०.५ ते २ टक्के मिठात उत्तम वाढते. समुद्री भावंडांहून तिची गरज इथेच वेगळी पडते.

गाळातले नेमके कोणते जिवाणू मिथेनॉल खातात, हे शोधण्याची रीत फार सुंदर आहे. गाळाला जड कार्बनचे (कार्बन-१३) मिथेनॉल देतात. जो खातो त्याचा डीएनए जड होतो आणि वेगाने फिरवलेल्या द्रावणात हलक्या डीएनएच्या खाली वेगळा थर धरतो. तो थर काढून त्यातली जनुके वाचायची. लोणारच्या गाळावरचा असा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

विविधता मोजताना बहुधा एमएक्सएएफ हे जनुक पाहतात. त्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) कॅल्शियमच्या साहाय्याने मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड करते. एक्सओएक्सएफ या दुसऱ्या जनुकाचे विकर त्याऐवजी लँथॅनम, सिरियमसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये वापरते, हे २०११ नंतर उलगडत गेले. म्हणून केवळ पहिल्या जनुकावर बेतलेली जुनी सर्वेक्षणे अपुरीच मानावी लागतात. दुसरेच जनुक बाळगणारे जिवाणू त्यांत निसटले.

जनुकसंचाच्या आकारातही मोठी तफावत आहे. किनारी समुद्रातील ओएम४३ या मिथेनॉलभक्षी गटातल्या एका जिवाणूचा संच अवघ्या १३ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचा) आहे. मेथिलोफॅगाच्या ज्ञात जातींचे संच त्याहून बरेच मोठे आहेत. मेथिलोफॅगाच्या बऱ्याच सागरी जातींना ब१२ जीवनसत्त्व बाहेरून मिळाल्याशिवाय वाढता येत नाही. लोणारेन्सिस त्याविनाही वाढते, मिळाल्यास अधिक जोमाने.