हत्ती देऊन मात: कोड्यांमागचा इतिहास, सांगलीतून पाहताना

सांगलीत मे महिन्यातल्या बुद्धिबळाच्या स्पर्धांच्या आधी मुलांकडून जी कोडी सोडवून घेतली जातात, त्यांत हत्तीच्या बलिदानाची कोडी हटकून असतात. एक नेहमीचा नमुना असा. काळा राजा एच८ वर (अक्षर स्तंभाचे, आकडा रांगेचा), त्याची प्यादी एफ७, जी७ आणि एच७ वर, हत्ती एफ८ वर. पांढऱ्याचा घोडा ई७ वर, एक हत्ती एच३ वर, दुसरा डी१ वर, राजा सी१ वर. पांढरा हत्ती एच७ चे प्यादे मारून शह देतो. राजाला तो मारावाच लागतो, कारण जी८ घोड्याने धरलेले आहे. मग दुसरा हत्ती एच१ वर येतो आणि डाव संपतो: जी८ आणि जी६ घोड्याच्या माऱ्यात, जी७ वर राजाचेच प्यादे.

यातला काळा राजा कोपऱ्यात पोचला तो किल्लेकोट करून, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपल्याकडच्या कित्येक घरांत जो डाव मांडला जाई, त्यात किल्लेकोट नव्हताच. या कोड्यांचा इतिहास सांगताना ही गोष्ट बहुधा वगळली जाते. माझ्या मते तीच मध्यवर्ती आहे.

फार जुना भाग थोडक्यात. पटाचा उल्लेख सातव्या शतकातल्या संस्कृत गद्यात येतो. नवव्या शतकातल्या एका काव्यशास्त्रकाराने तर मोहऱ्यांच्या चालींवर बेतलेले श्लोक रचले. चतुरंगापासून, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय रूपापासून, आजपर्यंत कोपऱ्यातल्या मोहऱ्याची चाल सरळच राहिली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर आणि उंट बदलले, हत्ती आणि घोडा मात्र तसेच राहिले. म्हणून हत्ती-घोड्याची जुनी मात आजही जशीच्या तशी चालते. अरबी कोड्यांत दिलारामची कथा प्रसिद्ध आहे: जुगारात बायकोला पणाला लावलेल्या नवऱ्याला तीच सुचवते की दोन्ही हत्ती दे आणि मला वाचव. त्या कोड्यात दोन्ही हत्ती एकामागून एक एच८ वर मरतात आणि शेवटी घोडा मात करतो.

युरोपातले तीन डाव प्रत्येक वर्गात येतात. १८५१ साली लंडनमध्ये एका जर्मन गणित शिक्षकाने दोन्ही हत्ती, एक उंट आणि वजीर देऊन उरलेल्या उंट-घोड्यांनी मात केली. १९०७ साली लोड्झ येथे काळ्याने एक हत्ती सी३ वर आणि दुसरा डी२ वर दिला. पण शिकवायला सर्वांत उपयोगी डाव १८९५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेतला. आदल्याच वर्षी जगज्जेतेपद गमावलेल्या खेळाडूने बाविसाव्या खेळीला ई७ वर हत्ती घुसवला. पुढे तोच हत्ती एफ७, जी७ आणि एच७ वर गेला आणि प्रत्येक घरावरून शह देत राहिला. वजिराने मारला तर सी८ चा काळा हत्ती पडतो, राजाने मारायचे ठरवले तर राजा किंवा वजीर जातो. प्रतिस्पर्धी राजीनामा न देताच दालनातून निघून गेला. बलिदान स्वीकारलेच जाईल असे धरून कोडे सोडवणाऱ्या मुलांना हा डाव आवर्जून दाखवावा. नाकारले तर काय, याचे उत्तर न लिहिता कोडे सुटले असे मानू नये.

आता देशी डावाकडे. त्यात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, पण त्याआधी त्याला शह बसलेला नसावा. शेवटच्या रांगेत पोचलेले प्यादे ज्या स्तंभात असेल त्या स्तंभाचे मोहरे होई. प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा उरला तर डाव बुर्जी, म्हणजे निर्णय नाही. आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. गावागणिक थोडे फरक असत.

हे नियम हत्तीच्या बलिदानाला वेगळे वळण देतात. घोडेउडी घेतलेला राजा बहुधा दुसऱ्या रांगेत येतो, जी२ वर. मग पहिल्या रांगेवरून हत्तीने कोंडून मात करण्याचा प्रश्नच उरत नाही. आज नवशिक्यांच्या वह्या ज्याने भरलेल्या असतात ती बॅक रँक मात देशी पटावर दुर्मीळ होणार हे उघड आहे. उलट राजाची उडी काढून घेण्यासाठी आधी नुसता शह द्यायला मोहरे खर्च करणे परवडे. बुर्जीच्या भीतीने समोरच्याकडे काय उरते आहे याचाही हिशेब ठेवावा लागे. आणि हत्ती देऊन मात करायची ती शक्यतो प्याद्याने, असा अट्टहास असे. सोडवणाऱ्याला मात दिसणे पुरेसे नव्हते, ती कोणाच्या हातून होते हेही पाहावे लागे.

या देशी कोड्यांचा संग्रह पूर्ण तोंडी नव्हता. पेशवाईच्या अखेरच्या काळात एका शास्त्र्याने संस्कृतात डावांच्या स्थिती रचल्या होत्या आणि १८१४ साली त्या मुंबईत इंग्रजीत छापल्या गेल्या. मुखपृष्ठावरच लिहिले होते की त्या युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्या आहेत. म्हणजे आपल्या कोड्यांचे पहिले मोठे छापील रूपच परक्या नियमांत बसवून आले.

आंतरराष्ट्रीय नियम घेण्याचा निर्णय स्वातंत्र्यानंतरचा. १९५१ साली देशपातळीवरची संघटना झाली, १९५५ पासून राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत आंतरराष्ट्रीय नियम हळूहळू सगळीकडे पसरले. परदेशी खेळायचे तर दुसरा मार्ग नव्हता. सांगलीला त्याचा फायदाच झाला. संस्थानी काळापासून पटाचा नाद असलेल्या या गावात चाळीसच्या दशकात मंडळ उभे राहिले, त्याने वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या आणि देशपातळीवर नाव काढणाऱ्या महिला खेळाडू इथून पुढे आल्या. निर्णयाच्या बाजूने हे सगळे खरे आहे. तरीही मला त्यात एक घाई दिसते. स्पर्धांसाठी नियम बदलताना जुन्या पद्धतीची कोडी वेगळी जपायला काहीच अडचण नव्हती. खो-खो आणि कबड्डीचे नियम एकसारखे करताना खेळ आपलाच राहिला. इथे मात्र वाड्यांच्या ओसरीवर मांडली जाणारी कोडी ‘चुकीच्या नियमांची’ ठरून बाजूला पडली, आणि जाणत्या खेळाडूंनी वहीत उतरवलेल्या स्थितींना कोणी विचारले नाही. विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात की दोन नियम एकत्र शिकवले तर मुले गोंधळतात. सहा वर्षांच्या मुलाबाबत ते मान्य. चौदा वर्षांच्या मुलाबाबत नाही.

नोंद लिहिण्याची पद्धतही त्यानंतर बदलली. इंग्रजी पुस्तकांतून आलेली वर्णनात्मक नोंद जागतिक संघटनेने १९८१ नंतर मानणे बंद केले आणि ए ते एच, १ ते ८ ही घरे रुळली. मराठीत रा, व, ह, उ, घ ही अक्षरे मोहऱ्यांसाठी सोयीची पडतात.

गेल्या वीस वर्षांत कोडे मिळण्याची जागाच बदलली. इंजिनांनी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रणालींनी, जुने डाव तपासले, तेव्हा १८५१ च्या गाजलेल्या डावातली उंटाची डी६ ची खेळी सर्वोत्तम नव्हती हे दिसले. सौंदर्य कमी झाले नाही, उत्तर मात्र बदलले. २०१० साली सुरू झालेल्या एका मोफत संकेतस्थळाने प्रत्यक्ष डावांतून यंत्राकरवी कोडी निवडायला घेतली. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले, तेव्हा इथल्या मुलांचा सरावही बराचसा मोबाइलवर गेला. त्या पटावर बचाव करणाऱ्याची खेळी यंत्रच खेळते, म्हणून हत्ती नाकारला तर काय होईल हे मुलाला स्वतः शोधावे लागत नाही. कोडी भरपूर सुटतात, पर्याय कमी लिहिले जातात. चांगले प्रशिक्षक अजून कागदावर दोन्ही शाखा लिहून घेतात, आणि तेच बरोबर आहे.

देशी स्थिती तपासणेही आता अशक्य नाही. वेगवेगळ्या नियमांचे बुद्धिबळ खेळणारे खुले इंजिन उपलब्ध आहे आणि राजाच्या एकदाच्या उडीसारखी चाल कंबोडियातल्या पटातही असल्याने ती त्याला परकी नाही. स्तंभानुसार बढती आणि बुर्जी हे नियम वेगळे भरावे लागतील. मिरज-सांगलीतल्या घरांत जुन्या वह्या कोणाकडे असतील तर त्यांतली एकेक स्थिती पटावर मांडून, कोणत्या नियमाने सोडवायची तेवढे शेजारी लिहून ठेवायला हवे.