दहा हजार पावलांचे उद्दिष्ट आले कोठून?

रोज दहा हजार पावले चालल्याखेरीज चालण्याचा उपयोग नाही आणि हा आकडा वैद्यकशास्त्राने ठरवून दिला आहे, हा समज चुकीचा आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, जपानमधील यामासा कंपनीने कमरेला अडकवायचे पाऊलमापक यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तोच आकडा आज आपल्या मनगटावरील घड्याळांत येऊन बसला आहे.

सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकी महिलांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर त्यात विशेष फरक दिसला नाही. (हा निष्कर्ष ज्येष्ठ महिलांपुरता आहे; तरुणांना तो जसाच्या तसा लावू नये.)

म्हणून हौसेने चालणाऱ्याने पहिला आठवडा केवळ नोंद ठेवावी, स्वतःची सरासरी काढून तीत पाचशे-हजार पावलांची भर घालावी, आणि महिन्याने नोंदी पुन्हा तपासताना गुडघे कुरकुरत असतील तर उद्दिष्ट निःसंकोच खाली आणावे.