अतिक्रमणावरून अटक (व्यावसायिक जागा)

दुकान, आडत, गोदाम किंवा कारखान्यात गुन्हा करण्याच्या अथवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे, किंवा रीतसर आत येऊन त्याच हेतूने बेकायदा थांबून राहणे, म्हणजे फौजदारीपात्र अतिक्रमण. मराठवाड्यात ‘अतिक्रमण’ म्हटले की रस्त्याकडेची टपरी आणि पालिकेची कारवाई आठवते. हा गुन्हा त्याहून निराळा.

हैदराबाद संस्थानाची दंडसंहिता स्वतंत्र होती. भारतीय दंड संहिता मराठवाड्याला १९५१ मध्ये लागू झाली आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार साध्या अतिक्रमणास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माल ठेवण्याची इमारतही या कलमात घरासारखीच धरली जाते. म्हणून मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) गोदामात घुसणे हे गृह-अतिक्रमण ठरून कैद १ वर्षापर्यंत जाते. गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आहे, पण जामीनपात्र (जामीन हा आरोपीचा हक्क) आणि तडजोडपात्रही (आपसांत मिटवता येणारा).

खरा पेच हेतूचा. सोयाबीन उगवले नाही म्हणून बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन कृषी सेवा केंद्रात आलेला शेतकरी, किंवा तुरीच्या पट्टीचे (विक्रीच्या हिशेबाचे) पैसे थकले म्हणून आडत्याच्या गादीपुढे बसून राहिलेला माणूस. दुकानदार ‘बाहेर हो’ म्हणतो, तो हलत नाही. एवढ्यावर गुन्हा होतो का? मथरी विरुद्ध पंजाब राज्य (१९६४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की समोरच्याला त्रास होईल याची जाणीव असणे पुरेसे नाही; त्रास देणे हाच प्रवेशाचा उद्देश असावा लागतो. हक्काचे पैसे मागणाऱ्याचा उद्देश सहसा तो नसतो. गल्ल्यावर हात टाकला, काचा फोडल्या, मारण्याची धमकी दिली, की गोष्ट बदलते.

दखलपात्र गुन्ह्यात वॉरंट लागत नाही, म्हणून अटक झालीच पाहिजे असे अनेक व्यापारी धरून चालतात. ते चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक व तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ३५ प्रमाणे अशा किरकोळ शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवावी लागतात. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने गरज न तपासता यांत्रिकपणे अटक करण्यास स्पष्ट मनाई केली. आरोपी अशक्त किंवा ६० वर्षांवरील असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी. वयस्क शेतकऱ्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे, आणि तिची ठाण्यात आठवण करून द्यावी इतकी कमी परिचित. अटक झालीच तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि जामिनाचा हक्क असल्याचे सांगणे बंधनकारक आहे.

दुकानदाराला मात्र स्वतः अटक करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खालील खासगी व्यक्तीचा अटकेचा अधिकार आपल्यासमोर घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यापुरता, आणि घोषित (न्यायालयाने फरार जाहीर केलेल्या) गुन्हेगारापुरता आहे. निव्वळ अतिक्रमणासाठी शटर ओढून माणसाला आत कोंडले, तर बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा दुकानदारावरच नोंदला जाऊ शकतो.