टॉर्च पूर्ण उतरवूनच चार्ज करायची? अजिबात नाही

"टॉर्च पार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, बॅटरी खराब होते." घरोघरी मिळणारा हा सल्ला चार्जिंगच्या जुन्या टॉर्चला उलटा घातक ठरतो.

तो आला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या चार्जिंग सेलच्या काळातून. दरवेळी थोडेच वापरून पुन्हा चार्ज केले की ते सेल लवकर मान टाकायचे. पण आपल्याकडच्या जुन्या, हाताला जड लागणाऱ्या टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीणच म्हणा. ती रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ती चार्ज घेईनाशी होते. पावसाळ्यानंतर माळ्यावर टाकलेली टॉर्च पुढच्या जूनमध्ये मिणमिणते, ती यामुळेच. न वापरताही एक-दोन महिन्यांनी चार्जिंगला लावायची, बस्स.

बिघाड शोधायचा तर पूर्ण चार्ज करा, प्लग काढा आणि दोन-तीन तासांनी बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावा. ४.२ व्होल्टच्या आसपास आकडा हवा. टॉर्च लावताच तो ३.५ च्या खाली कोसळला, तर बॅटरी गेली. फुगलेली दिसली तर मोजत बसूच नका, बदला.

आणि हो, प्लग लावलेला असताना टॉर्च उघडू नका. स्वस्त टॉर्चमध्ये बहुधा व्होल्टेज उतरवून लाइनपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटर नावाच्या एका छोट्या भागामागे थेट घरची २३० व्होल्टची लाइन असते, शॉक बसू शकतो.