डेटा सेंटर बघायला गेलात तर आधी तळघर बघा

डेटा सेंटरची टूर भारी असते. अंगठा लावला की उघडणारे दरवाजे, निळे दिवे, आणि सोबतचा सेल्सवाला दर दोन मिनिटांनी सांगतो की आमच्याकडे सगळं डबल आहे, वीज डबल, कूलिंग डबल, इंटरनेट डबल. आपण मान डोलावतो. पण कंपनीचे सर्व्हर, म्हणजे तिचा डेटा आणि वेबसाइट चालवणारे कॉम्प्युटर, तिथे ठेवायचे असतील तर हे 'डबल' नेमकं कुठे जाऊन सिंगल होतं ते शोधणं हेच आपलं काम.

2012 मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर मस्त कोरडा होता, पण डिझेल वर चढवणारा पंप तळघरात होता आणि तळघरात पाणी भरलं. मग काय, लोकांनी अंधाऱ्या जिन्यातून 17 मजले डिझेलच्या बादल्या वाहिल्या, तेव्हा कुठे सर्व्हर चालू राहिले.

विजेचंही तसंच. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक ए फीडवर, दुसरा बी फीडवर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या लाइनींवर. समजा दोन्ही फीड 32 अँपियरचे आहेत आणि प्रत्येकावर 20 अँपियर लोड आहे, वरवर बघता सगळं आरामात चाललंय. आता ए फीड गेला की सगळे 40 अँपियर बी वर येणार, त्याचा ब्रेकर ट्रिप होणार आणि अख्खी रॅक, म्हणजे सर्व्हर बसवलेलं कपाट, बंद! म्हणून प्रत्येक फीडवर निम्म्याहून कमीच लोड हवा, शक्यतो 40 टक्क्यांच्या आत. रॅकच्या मीटरवरचे आकडे स्वतः वाचा, विचारत बसू नका.

जनरेटर किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा आहे यापेक्षा तो शेवटचा खऱ्या लोडवर कधी चालवला ते विचारा, आणि लॉग मागा. नुसता स्टार्ट करून पाच मिनिटांनी बंद केला ती टेस्ट नव्हे. यूपीएसच्या बॅटऱ्या काही मिनिटंच तग धरतात, तेवढ्यात जनरेटर उठला नाही तर संपलं, आणि तो न उठण्याचं कारण बऱ्याचदा त्याची स्वतःची स्टार्टर बॅटरी असते.

सेंटर किती भरवशाचं याचं टियर 3 वगैरे सर्टिफिकेट अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था देते, पण ते फक्त डिझाइनचं आहे की बांधून झालेल्या जागेचं, हे नीट वाचा, दोन्ही वेगवेगळी असतात.

आत गेल्यावर हुडहुडी भरली म्हणजे कूलिंग चांगलं, असा एक गोड गैरसमज आहे. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश सेल्सियसची हवा मिळाली की पुरे. रॅकमधल्या रिकाम्या जागा पट्ट्या लावून बंद केल्यात का बघा, नाहीतर मागची गरम हवा त्याच फटीतून पुढे येते आणि सर्व्हर तीच परत ओढतो.

आगीचं बोलायचं तर 2021 मध्ये ओव्हीएच या फ्रेंच कंपनीचं स्ट्रासबर्गचं सेंटर जळालं, आणि काही जणांचा बॅकअपही तिथेच होता. पण आग विझवणारी यंत्रणाही कधी घात करते. 2016 मध्ये बुखारेस्टमध्ये एका बँकेच्या सेंटरमध्ये नुसती फायर टेस्ट घेतली, आग विझवायचा गॅस इतक्या जोरात सुटला की त्या आवाजाच्या कंपनांनी हार्ड डिस्क खराब झाल्या. तेव्हा गॅसच्या नोझलला सायलेन्सर आहे का, तेही विचारा.

निघताना कंपाउंडला एक चक्कर मारा आणि दोन्ही इंटरनेट कंपन्यांच्या केबल कुठून आत शिरतात ते दाखवायला सांगा. दोघींच्या केबलचं जमिनीतलं चेंबर एकच निघालं तर बाहेर खोदणाऱ्या जेसीबीला दोन्ही लाइन एकाच फटक्यात सापडतील.