एकच डाळिंब, तीन प्रकारची पोटं

डाळिंबाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सोलापुरात एक मेसेज हमखास फिरायला लागतो: डाळिंबाची साल उकळून रोज उपाशीपोटी प्या, हृदयाचे ब्लॉक मोकळे होतात. खाली कुणाच्या तरी काकांचा अनुभव जोडलेला असतो. मग ग्रुपमधलाच दुसरा कुणी लिहितो, ‘आमच्याकडे पिऊन बघितलं, काही फरक नाही.’ ब्लॉकचा दावा धादांत खोटा आहे. अँजिओग्राफीत दिसलेला अडथळा सालीच्या काढ्याने विरघळत नाही, आणि त्या भरवशावर उपचार पुढे ढकलणारा माणूस स्वतःच्या जिवाशी खेळत असतो. पण एकच फळ दोन माणसांच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतं, हे मात्र खरं आहे. त्यामागचं विज्ञान मला इतकं आवडतं की आज तेच सांगायला बसलोय.

डाळिंब आपल्याला नवं नाही. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागातल्या बागा, सोलापूर डाळिंबाला 2016 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सगळं घरचंच. पण इथल्या बागायतदारासमोर जिवाणू हा शब्द काढा, त्याला आठवतो तेल्या. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे फळावर तेलकट काळे डाग पडतात, फळ तडकतं आणि वर्षाची कमाई जाते. अशा माणसाला ‘जिवाणूंशिवाय डाळिंबाचा पूर्ण उपयोग होत नाही’ हे पटवणं सोपं नाही.

आपल्या शरीरात साधारण 30 लाख कोटी पेशी आणि जवळपास 38 लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये मांडला. (जिवाणू पेशींच्या दहापट असतात, हे जुनं वाक्य अजूनही भाषणांत ऐकू येतं. ते आता सोडून द्यायला हवं.) या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून सुमारे 200 ग्रॅम भरतं आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

आता डाळिंब सोला. दाण्यांच्या मधला पिवळट पापुद्रा जिभेवर ठेवला की तोंड आवळतं. लोखंडी विळीवर साल कापली की पातं काळं पडतं. दोन्ही करामती टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांच्या. डाळिंबातल्या मुख्य टॅनिनचं नाव प्युनिकॅलाजिन. ते दाण्यांपेक्षा सालीत आणि पापुद्र्यात कितीतरी जास्त असतं. हा रेणू अवाढव्य असल्यामुळे आतड्याच्या भिंतीतून जात नाही. पोटात त्याचे तुकडे होतात आणि एलॅजिक आम्ल सुटं होतं. तेही पाण्यात नीट विरघळत नाही, रक्तात फारसं शोषलं जात नाही, आणि तसंच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतं. खरी गंमत तिथे सुरू होते.

एलॅजिक आम्ल म्हणजे एकमेकांना चिकटलेली चार कडी असलेला चपटा रेणू. दोन कडी बेंझिनची, म्हणजे फक्त कार्बनची, आणि दोन लॅक्टोनची, म्हणजे ज्यांत ऑक्सिजनही असतो अशी. त्याच्या कडेला चार हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या चार जोड्या. गॉर्डोनिबॅक्टर नावाचा जिवाणू आधी एक लॅक्टोन कडं उघडतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कडं उघडल्याने एक हायड्रॉक्सिल वाढतो, आता ते पाच झाले. या रेणूला युरोलिथिन एम-5 म्हणतात. मग एकेक हायड्रॉक्सिल काढून त्या जागी हायड्रोजन बसवायचं काम चालू होतं. पाचाचे चार झाले की एम-6, चाराचे तीन झाले की युरोलिथिन सी. इथे गॉर्डोनिबॅक्टर थांबतो. पुढचा हायड्रॉक्सिल काढणारं एन्झाइम त्याच्याकडे नाही. ते एंटेरोक्लोस्टर नावाच्या दुसऱ्याच जिवाणूकडे असतं. तो सी उचलतो, आणखी एक गट काढतो आणि दोन हायड्रॉक्सिलवालं युरोलिथिन ए तयार होतं. काहींच्या आतड्यात त्यातलाही एक जातो आणि युरोलिथिन बी उरतं.

जिवाणू ही खटपट कशासाठी करतात? मोठ्या आतड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. अन्नातून ऊर्जा काढताना सुटणारे इलेक्ट्रॉन आपल्या पेशी प्राणवायूला देतात. तिथल्या जिवाणूंना ते दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतात, आणि असे रेणू ते घेऊ शकतात. आपला फायदा हा, की हायड्रॉक्सिल कमी होत जातील तसा रेणू तेलात जास्त मिसळणारा होतो आणि आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो. चादरीचं सूत रंगवणारा वेगळा आणि मागावर विणणारा वेगळा, तशी ही कामाची वाटणी आहे. मधला एक जरी गैरहजर असला तरी चादर होत नाही.

म्हणूनच माणसांचे तीन गट पडतात. स्पेनमधल्या मुर्सिया इथे टोमास-बार्बेरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2014 मध्ये मांडले. काही जण युरोलिथिन ए बनवतात, काही ए सोबत बी आणि त्याचं एक भावंड बनवतात, आणि काही जण काहीच बनवत नाहीत. या शेवटच्या गटातल्या माणसाने रोज डाळिंब खाल्लं तरी त्याच्या रक्तात युरोलिथिन येत नाही.

युरोलिथिन ए चं कौतुक कशाला? पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया जुन्या, निकामी झाल्या की त्या मोडीत काढण्याच्या कामाला ते चालना देतं. 2016 मध्ये एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग झाला, त्यात कृमींचं आयुष्य सुमारे 45 टक्क्यांनी वाढलं. तेवढ्यावर ‘तारुण्याची गोळी’ म्हणून जाहिराती सुरू झाल्या. 2022 मध्ये 66 वयस्कर माणसांवरची चार महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. स्नायूंची दमछाक थोडी उशिरा झाली, पण सहा मिनिटांत चालून होणारं अंतर, जे मुख्य मोजमाप ठरवलं होतं, त्यात औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. कृमीला जे लागू पडलं ते आपल्या आजीलाही पडेल असं धरून पैसे घालवू नका.

हाच प्रकार औषधांबाबत होतो तेव्हा प्रश्न आजाराचा आणि उपचाराचा होतो. डिगॉक्सिन हे हृदयाचं जुनं औषध. त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी. 1981 मध्येच दिसलं होतं की काही रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू ते निकामी करतात, आणि अशा रुग्णाला अँटिबायोटिक दिलं की रक्तातलं डिगॉक्सिन वाढतं. तो जिवाणू निघाला एगर्थेला लेंटा, आपल्या गॉर्डोनिबॅक्टरच्याच कुळातला. 2013 मध्ये कळलं की एगर्थेला लेंटाच्या सगळ्याच वाणांना हे जमत नाही. ठरावीक जनुकं असलेल्यांनाच जमतं. आणि आर्जिनिन हे प्रथिनांतून मिळणारं अमिनो आम्ल भरपूर मिळालं की ती जनुकं मंदावतात. उंदरांना प्रथिनांनी भरलेला आहार दिल्यावर डिगॉक्सिन जास्त टिकलं.

हल्ली घरी किट मागवून शौचाचा नमुना पाठवला की ‘पोटाचे गुण’ देणारे चकचकीत अहवाल मिळतात. त्यांच्याविषयी माझी हरकत इथेच आहे. जिवाणूचं नाव छापून येतं, पण तुमच्या पोटातल्या वाणाकडे ते जनुक आहे का आणि ते चालू आहे का, हे नावावरून कळत नाही. आजोबा डिगॉक्सिनवर असतील तर अहवालापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची: मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका, आधी डॉक्टरांना सांगा.

जिवाणूच्या कामावर नेमका उपचार कसा दिसेल, याचा नमुना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवातात आहे. त्यावरचं औषध लेवोडोपा. त्याचं मेंदूत जाऊन डोपामिन, म्हणजे मेंदूतले निरोप पोचवणारं रसायन, व्हायला हवं. वाटेतच झालं तर ते डोपामिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ओलांडू शकत नाही. म्हणून सोबत कार्बिडोपा देतात, ते हे रूपांतर करणारं आपल्या शरीरातलं एन्झाइम रोखतं. पण एंटेरोकोकस फीकॅलिस या जिवाणूकडे त्याच कामाचं स्वतःचं एन्झाइम असतं आणि कार्बिडोपाला ते दाद देत नाही. हार्वर्डच्या एमिली बाल्सकस यांच्या गटाने 2019 मध्ये फक्त जिवाणूचं एन्झाइम बंद पाडणारा एक छोटा रेणू दाखवला. तो जिवाणूला मारत नाही, त्याचं हे एकच काम थांबवतो. लेवोडोपा आणि कार्बिडोपासोबत तो दिल्यावर उंदरांच्या रक्तात लेवोडोपाचं प्रमाण वाढलं.